टॉवेलांचा खण

जांबोटी सोडली की चोर्ल्याच्या रस्त्याला
डाव्या हाताला बोर्ड लागतो.
वर कानडी, खाली इंग्रजी,
मराठी रंगाऱ्याच्या ब्रशातच वाळली.
आत सात तंबू, पांढरे, घंटेसारखे,
आणि टोकाला जांभळीखाली
चाकांवरची एक लाकडी खोली,
गोल पत्र्याच्या पाठीची.

मालक अनगोळकर, टिळकवाडीचे.
इंग्लंडात पोरीकडं गेले होते सहा आठवडे.
तिथं म्हणे लोक पैसे मोजून
कुरणातल्या चिखलात झोपतात,
सकाळी चुलीवर स्वतःच अंडं उकडून घेतात
आणि खूश होऊन जातात.
मालक फोटो घेऊन परतले.
लोंढ्याच्या सुताराला मांडीवर मोबाईल ठेवून
एकेक बिजागरी दाखवली.

मी बमू झोरे. तंबूंच्या दोऱ्या माझ्याकडं,
सरपण माझ्याकडं,
वेलकम ड्रिंक, म्हणजे कोकम, तेही माझ्याकडं.
पाव्हण्यांना आधीच सांगून ठेवतो :
साहेब, डाव्या कुशीवर कर्नाटकाची रेंज,
उजव्या कुशीवर गोव्याची,
उताणे झोपलात तर कुणाचीच नाही.
हसतात.
रात्री मात्र तंबूच्या कापडातून दिसतो
मोबाईलचा उजेड
इकडून तिकडं सरकताना.

आई दूध घालायला येते, मागच्या वाटेनं.
पहिल्या दिवशी तिनं खोलीला फेरी मारली,
देवळाला मारावी तशी, पण उलटी.
"चाकं कशाला रे? हिला हलवणार कोण?"
कुणी नाही, म्हटलं. शोभेला.
"आमच्या घराला नव्हती की चाकं,
तरी तीनदा हललं."
फॉरेस्टची जीप उभी होती फाटकाशी.
तिकडं न बघता तिनं माप ओतलं.

डिसेंबरात वसुधा हलगेकर आल्या, एकट्याच.
मूळ नंदगडच्या, चाळीस वर्षं डेव्हनमधे नर्स.
खोली बघून त्या मालकांशी नाही,
आईशी बोलल्या.
ही तिकडं मेंढक्याची.
मेंढ्या व्यायच्या दिवसांत
घोडा जुंपून माळावर न्यायची.
शेगडी आत, बाज आत,
बाजेखाली जाळीचा खण,
आई मेलेल्या कोकरांना ऊब मिळावी म्हणून.
"म्हणजे धनगरच की!"
होय, धनगरच.
"मग तो आता कुठं निजतो?"
बाईंनी चष्मा पुसला.
माहीत नाही, म्हणाल्या. कधी विचारलंच नाही.

आईनं वाकून खण ओढला.
आत सहा टॉवेल, हंसासारखे दुमडलेले.
तो हंस शिकायला मला दोन दिवस लागले होते.
आई बघत राहिली बराच वेळ.
मग खण लोटला, पुरता नाही.

त्याच दिवशी कातरवेळेला
आमची चांदी शेळी व्याली, आणि गेली.
रात्री थंडी अशी पडली
की नळाचं पाणी हाताला चावत होतं.
पहाटे तीनला कुत्री उठली.
अस्वल असेल म्हणून मी बॅटरी, काठी घेऊन धावलो.
अस्वल नव्हतं.
खोलीच्या पायरीवर आईच्या वहाणा.
आत उजेड, दोन बायांचे आवाज,
एक कानडी मिसळत, एक इंग्रजी मिसळत,
आणि मधेच तिसरा, बारीक,
कुठलीच भाषा अजून न लागलेला.

मी काठी खाली ठेवली.
जांभळीखाली उभा राहिलो थोडा वेळ,
मग दोऱ्या तपासायला गेलो,
खरं तर त्या घट्टच होत्या.

सकाळी टॉवेल मोजले. पाच.
बाईंच्या बिलात दोनशे ऐंशी लागले,
त्यांनी मोजून दिले, वर चार मिठाया शेळीच्या नावानं
आईच्या हातात ठेवल्या.
मॅनेजर बसय्या धारवाडचा, रजिस्टर उघडून बसलेला.
सहावा हंस कुठं गेला रे?
"करडू झाला," म्हटलं.
आपलंच मराठी कच्चं असं वाटून
त्यानं मान हलवली
आणि तसंच लिहून घेतलं.